लेकीची वाट

(दसऱ्याच्या आदल्या दिवसाची दुपार. अडाण नदीच्या गुडघाभर पाण्यात दगडांचा आणि बांबूच्या तट्ट्यांचा बांध. काठावर रामधन भोई, इंझोरीहून आत्ताच बंडीतून उतरलेली त्याची मोठी बहीण चतुराबाई, आणि त्याची बायको सोजरबाई.)

चतुराबाई : मी काय इचारून राह्यली? ते टोपलं कायले लावलं तठी?

रामधन : कुठी?

चतुराबाई : कुठी मनते! डोळे नाई फुटले माये अजून. बांधाच्या मधात लावलं ते. वाटंत. माया वाटंत.

रामधन : बाई, तू पयले सावलीत बस. बंडीत हाडं खिळखिळी झाली असतीन. पानी पे. मंग बोलू.

चतुराबाई : हाडं मायी हायेत, त्याईची फिकर मी करीन. तू टोपल्याचं सांग.

सोजरबाई : म्या सांगतलं व्हतं जी. बाई उतरल्या का पयले तठीच पाह्यतीन.

रामधन : तू गप वं, रुख्मीची माय. बाई, आयक. बापाचा कायदा काय व्हता? लेकीची वाट लेकीबिगर कोनी बुजवू नये. लेक सोता येईन, आपल्या हातानं दगड ठेवीन, तवाच वाट बंद. बरोबर?

चतुराबाई : बरोबर.

रामधन : मंग म्या दगड कुठी ठेवला? टोपलं ठेवलं.

चतुराबाई : वा रे वा! कारंज्याच्या वकिलाजोळ राह्यला काय तू? टोपल्यात गेलेली मासळी वापस येते काय?

रामधन : नाई येत.

चतुराबाई : मंग दगड बरा तुया टोपल्यापक्षा. दगड मासळीले वापस तरी फिरवते. टोपलं या मनते आन गिळून घेते.

रामधन : एका रातीचंच लावलं. पाह्याले, का वाटंतून जाते तरी किती.

चतुराबाई : मंग, किती गेली?

रामधन : लय गेली बाई. साऱ्या बांधाले जे नाई लागलं ते एकट्या वाटंत घावलं. एक मरळ तं अशी, कोपरापासून बोटापर्यंत. पोट अंड्यानं भरलेलं.

चतुराबाई : दाखव ते टोपलं इकडं.

रामधन : आता कायले पान्यात उतरतं? लुगडं भिजीन.

चतुराबाई : भोयाची लेक हावो मी, सोनाराची नाई. सर तिकडं. हं... हे तूनंच इनलं?

रामधन : हाव. दोन पावसाळे झाले.

चतुराबाई : बोट घालून पाह्य बरं कामटीच्या फटीत.

रामधन : कायले?

चतुराबाई : घाल मनतो ना मी.

रामधन : नाई जात.

चतुराबाई : करंगळी?

रामधन : करंगळीचं... नख जाते.

चतुराबाई : बापाच्या टोपल्यात अंगठा जाये. मी पोट्टी असताना आरपार हात घालो आन पलीकडून तुया गालाले चिमटा घेवो. बाप मने, अंगठ्यातून निसटते ते नदीचं लेकरू, अंगठ्याले अडते ते आपली भाकर. तू तं लेकरंच खाऊन राह्यला रामधन. आन मंग मनतं बांधाले कायी लागत नाई.

रामधन : बापाचे दिवस वेगळे व्हते. तवा नदीत उभं राह्यलं तं मासळी पायाले गुदगुल्या करे. आता येऊन पाह्य माया हाल. भादवा सरला का मेखा ठोका, दगड रचा, तट्टे बांधा, आन सकायी पाह्याले गेलं तं चार झिंगे आन एक खेकडा. खेकडाबी असा पाह्यते, जसा मायीच कीव करून राह्यला.

सोजरबाई : खेकड्याचं खरं हाये बाई. म्या पाह्यलं.

चतुराबाई : म्हनून मले बलावलं तं. आन मी येडी सारा रस्ता बैलाइले दुवा देत आली, का बाप्पा, भावाले याद आली, दसऱ्याचं सोनं घ्यायले बंडी धाडली.

रामधन : दसऱ्यासाठीबी बलावलं.

चतुराबाई : बी?

रामधन : दगडासाठीबी. आता तूच आयक बाई, मंग बोल. परवा रुख्मीले पाह्याले सोयरे येऊन राह्यले. कुंकू लावतीन. शेजारच्या नानीबाईनं जमवलं. घर चांगलं हाये, पोरगा मेहनती हाये.

चतुराबाई : अवं माय! रुख्मीचं कुंकू? आन हे मले आता सांगतं, टोपल्याच्या मांगून? सोजर, तूबी?

सोजरबाई : मले मनलं, तू नोको सांगू, मी सांगतो. मघापासून सांगूनच राह्यले हे.

रामधन : आता सोयरे येतीन, बायका येतीन, लेकरं येतीन. भोयाच्या घरी कुंकू आन ताटात काय, वांग्याची भाजी? इज्जत राह्यते काय मायी? नदीकाठचा भोई, बापाच्या नावाचा बांध, आन मासळी विकत आनून वाढू? मनून मनतो, एक साल. तू दगड ठेव, मी वाट बुजवतो, आज आन उद्याच्या रातीत खालच्या डोहात जानारी सारी मासळी आपल्याले लागते. 

चतुराबाई : एक साल बुजलेली वाट दुसऱ्या साली कोनी उघडत नाई रामधन.

रामधन : नाई उघडली तं काय बिघडते? राग नोको मानू, पन तूच सांग. भाऊजी गेले. तुये दोन्ही पोरं जिनात कपाशीचे बोजे उचलतात. तुया घरचं जाळं उंदरानं खाल्लं, तूच सांगतलं मले. इंझोरीले आता पान्यात उतरनारं तुयं कोन राह्यलं? मंग हे वाट कोनासाठी? 

सोजरबाई : असं बोलतात काय जी, माहेरी आलेल्या लेकीले?

चतुराबाई : बोलू दे त्याले. खोटं नाई बोलला तो. लागलं मले, पन खोटं नाई... रामधन, तुले याद हाये, हे वाट कशी मोजली ते?

रामधन : मी उलीसा व्हतो. बापाच्या खांद्यावर बसलो व्हतो, तेवढंच याद हाये.

चतुराबाई : बसला व्हता आन रडत व्हता, का मलेबी पान्यात बसवा मनून. मायं लगन लागून दोनच दिवस झाले व्हते. मुंडावळ्याचा दोरा कपाळाले चिकटलेला. बापानं उचललं आन बांधाच्या मधात पान्यात बसवलं, पाटावर बसवावं तसं. माय काठावरून वरडे, अवो, पोरीचं नवं लुगडं! बाप मने, लुगडं वाळते. माया इकडून एक दगड ठेवला, तिकडून एक दगड ठेवला, आन मले उचलून घेतलं. जेवढी मी, तेवढी वाट. चार मानसं व्हते, त्याईच्यासमोर मनला, सोनं-नानं माया घरी नाई. पन मायी चतुरा खाली चालली, तं तिच्या नदीत मासळी जाईन. हे तिचं आंदन. 

रामधन : पानी थंडं व्हतं काय?

चतुराबाई : असं थंडं, का दात वाजत व्हते. आन मले वाटे, उठूच नये. मले काय मालूम, सासर काय असते. मले वाटलं लगन मंजे पान्यात बसवतात आन सारे आपल्याकडं पाह्यतात.

सोजरबाई : आता बसता काय बाई?

चतुराबाई : आता बसली तं याचं काम फत्ते! वाट मीच बुजवीन, दगडाची गरज नाई.

रामधन : हसवू नोको बाई. मी इकडं फिकरीत हावो.

चतुराबाई : बापबी फिकरीत असे, पन असा नसे. मायचं कालवन याद हाये? आंबाडीची बोंडं टाकून. मातीच्या गाडग्यात. सारं घर आंबट आंबट वास मारे. आन बाप पयला घास घ्यायच्या अगुदर इचारे, आज खाली किती गेली? जशी काई लेकच जेवून गेली का नाई ते इचारते. लाल पिल्लाचा थवा दिसला पान्यात, तं जाळं खांद्यावरून खाली उतरवे. मने, खाली मरळ हाये, माय-बाप दोघंबी राखन करून राह्यले. माय धरली तं पिल्लं बेडूक खाते. पोटात मासळी नाई जात, पाप जाते.

रामधन : मले एक थापड बसली व्हती त्याच्यापायी. असाच थवा, शेंदरासारखा. म्या टोपल्यानं उचलला. 

चतुराबाई : आन रडत मायाकडं आला. मी उगी केलं तुले.

रामधन : गुळाचा खडा देला व्हता तूनं. कुठून आनला व्हता कोन जाने.

चतुराबाई : लक्षिमीपुढचा चोरला व्हता. आन मले सांग, छप्पनच्या दुकाळात काय झालं?

रामधन : ते गोठ तू दर खेपेले सांगतं.

चतुराबाई : तू दर खेपेले इसरतं, मनून सांगतो. अडान आटली, दगडं उघडे पडले. अठी या बांधाजोळ लोक चिखल उपसून खेकडे खात. लोकाइनं मिरगानंतरची आशाच सोडली व्हती. मासळीचं बीजच राह्यलं नाई मनत. आन पुढल्या साली पयला पूर आला तशी मासळी चढली. कुठून आली ते?

रामधन : खालून.

चतुराबाई : खालून मंजे कुठून?

रामधन : इंझोरीच्या डोहातून. तुया सासरच्या.

चतुराबाई : तो डोह आटला नाई. तठी बापानं वाटंतून सोडलेली मासळी व्हती. माया सासऱ्यानं सारं गाव भूकं असून तो डोह झाडून नाई काढला. लागीन तेवढीच धरली. मने, हे सुनंचं आंदन हाये, सरवायचं नसते. बाप मने तेच झालं. लेक सासरी जाते मंजे मरत नाई, मिरगात माहेरी येते. मासळीचंबी तसंच हाये. खाली जाऊच नाई देली, तं वर कोन येईन?

रामधन : तुया गोठी लय गोड हायेत बाई. आयकतच राहावं वाटते. पन परवा सोयऱ्याच्या ताटात मी गोठी वाढू काय? सांग ना. तू सांग, मी काय करू?

चतुराबाई : आन दगड.

रामधन : आं?

चतुराबाई : दगड आन मनतो. तूनं बंडी धाडून बलावलं, रुख्मीचं कुंकू हाये, मी कायले आडवी येऊ? तिचं नाक ते मायं नाक. आन एक चांगला चपटा. ठेवतो मी.

सोजरबाई : बाई, घाई नोका करू.

चतुराबाई : घाई कायची सोजर? तो बरोबर बोलला. माया घरी पान्यात उतरनारं कोनी राह्यलं नाई. मी बुढी काय डोहात जाळं टाकनार हावो? वाईट वाटते, तं वाटू दे. बापानं देलेली एकच चीज व्हती. न चोरीले जानारी, न झिजनारी. मले वाटलं व्हतं हे माया मांगंबी राहीन... आन रे दगड.

रामधन : हा चालते?

चतुराबाई : दे. पन एक कबूल कर. वाट बुजली तं बुजली, ते दसऱ्याचं सोनं सोडनं बंद करू नोको. बांधावरून सोड, कुठूनबी सोड.

रामधन : कोनतं सोनं?

चतुराबाई : आता हेबी मायाच तोंडून आयकायचं हाये काय तुले? सनकाड्याची जुडी. तिच्यात आपट्याचं पान, हळदीच्या दोऱ्यानं बांधलेलं. बाप दर दसऱ्याले या वाटंतून सोडे. मी इंझोरीले घाटावर भांडे घासत बसो, दुसऱ्या दिवशीबी बसो, आन ते येये तरंगत. एखांद्या साली लव्हाळ्यात अडके, तं मी शोधून काढो. सासू मने, चतुरा, तुया बापाचं टपाल आलं. बाप अंथरुनाले खिळला त्या साली मी बसलीच नाई घाटावर. मनलं, आता कोन धाडते? शेजारची सुंदरबाई हाका मारत आली, का चतुरे, आलं तुयं. मी तठीच खाली बसली न रडली. मनलं, भावानं ठेवलं. बाप दोन गाठी मारे, तू एकच मारतं, पन ठेवलं. त्याच्यावर मी इतके साल काढले रामधन.

रामधन : बाई... म्या नाई सोडली.

चतुराबाई : थट्टा नोको करू.

रामधन : तुयी शपथ. मले तं मालूमबी नाई. बाप एकटाच यायचा अठी दसऱ्याच्या सकायी, मले वाटे चिलीम प्यायले येते.

चतुराबाई : मंग कोन...? सोजर?

सोजरबाई : एकच गाठ मारता येते मले बाई. मामंजीनं दोन गाठीची दाखवली व्हती, पन माया हातानं ते सुटे.

रामधन : तू? दर साली? मले नाई सांगतलं कदी.

सोजरबाई : तुमी इचारलं नाई जी. मामंजी शेवटच्या दुखन्यात पडले तवा मले मनले, सोजर, चतुराचं सोनं राह्यलं. तुमी वैद्याकडं गेले व्हते. मी उठली, सोडून आली. येऊन सांगतलं, तं त्याईनं डोळे मिटले. मंग दुसऱ्या साली हात आपूनच चालले.

चतुराबाई : अवं, तुयं न मायं काय नातं? नंदेचं कोन एवढं करते? लोकाच्या घरी नंद आली तं भावजय चूल इझवते.

सोजरबाई : मायंबी माहेर याच नदीवर व्हतं बाई. वर. तुमाले मालूम हाये. माया बापाचाबी बांध व्हता, यापक्षा मोठा. त्याच्यात वाट नव्हती. बाप मने, पानी जाऊ देतो तेच लय झालं. पयले दोन-चार साल असी मासळी घावली, का सुकवून टांगाले आढे पुरले नाई. मंग कमी झाली. मंग झिंगे. मंग तेबी नाई. मिरगात पूर ये, पन पुरासंगं कोनी वर नाई चढे. भाऊ गेले किन्हीराजाकडं, लोकाच्या वावरात रोजानं. बाप गेला, घर पडलं. आता तठी बाभळी हायेत.

रामधन : हे तूनं मले कदी असं नाई सांगतलं.

सोजरबाई : काय सांगू? माहेर नाई, हे काय सांगायची गोठ हाये? मले वरून कोनी कायी धाडे नाई. मनून म्या खाली धाडलं. कोनाले तरी माहेरचं येते, एवढंच. सनकाडी बांधली का मले वाटे, मीबी कोनाच्या तरी माहेरी हावो.

चतुराबाई : ये इकडं. ये. अशी पोटाशी ये माया. मी त्या गाठीले बोटानं कुरवाळो न मनो, रामधनची हाये. तुयी व्हती माय ते.

रामधन : दे तो दगड.

चतुराबाई : राहू दे, ठेवतो मी.

रामधन : दे मनतो ना बाई. जड हाये, पायावर पाडशीन.

चतुराबाई : एक सांग मले. मघापासून इचारीन मनतो न राह्यते. सोयरे कोन्या गावचे?

रामधन : हायेत... खालच्या अंगचे.

चतुराबाई : खालच्या अंगचे मंजे?

सोजरबाई : कुंभारडोहावरचे बाई. इंझोरीच्याबी खाली. भोईच हायेत, नदीवरच पोट हाये त्याईचं. पोरगा सोता जाळं इनते मनते.

चतुराबाई : कुंभारडोह? अडानीवरचा?

रामधन : हाव.

चतुराबाई : अरे माया शान्या भावा! मंजे वाटंतून खाली जाते ते मासळी कोनाच्या डोहात जाते?

रामधन : त्याईच्याच... मतलब... तिकडंच जात असीन.

चतुराबाई : मंग तू त्याईच्याच ताटातली मासळी अठी धरशीन, रांधशीन, आन त्याईलेच वाढून मनशीन, पाह्य माया दिलदारी! ते बोटं चाटत घरी जातीन, आन डोहात जाळं टाकतीन तं पानीच पानी. आन मंग त्या घरी तुयी रुख्मी चूल पेटवीन. पेटवीन आन गाडग्यात काय शिजवीन, तुयी इज्जत?

सोजरबाई : हे मलेबी सुचलं नव्हतं बाई.

रामधन : मले तं... म्या सोयरे पाह्यले. पोरगा पाह्यला. घर पाह्यलं, ढोरं पाह्यले. डोहबी पाह्यला, चांगला खोल हाये मनलं. पन पानी अठूनच जाते, हे... इचीन, हे डोस्क्यात आलंच नाई.

चतुराबाई : जन्म नदीत गेला, पन पानी कोनीकडं वाह्यते ते नाई समजलं.

रामधन : बस कर आता. हास, किती हासतं ते हास. धर हे टोपलं. धर वं रुख्मीची माय. सोडवलं म्या. आतमधी दोन-चार हायेत ते सोडून दे.

सोजरबाई : पोटाची मरळबी हाये जी यात.

रामधन : कालच्यासारखीच?

सोजरबाई : कालचीच हाये. म्या रांधली नाई. माठाजोळच्या घमेल्यात ठेवली व्हती, सकायी वापस टाकली. तुमच्याच टोपल्यात पुन्ना गेली बिचारी.

रामधन : तुमी दोघी मिळून मले या गावात राहू देसान काय?

चतुराबाई : सोड तिले. हळू. शेपटी धरू नोको, पोटाखाली हात दे... गेली. पाह्य कशी गेली, मांगं वळूनबी नाई पाह्यलं.

रामधन : मंग परवाचं काय? ताटाचं?

चतुराबाई : बांधाले जे लागीन ते. चार लागतीन तं चार. आंबाडी लय टाक न कालवन पातळ कर. मी रांधतो, मायसारखं. आन पंगतीत उभा राहून मोठ्यानं सांग, सोयरे हो, आमी लेकीची वाट सोडली, मनून कालवन पातळ हाये. भोई असतीन तं समजतीन.

रामधन : आन नाई समजले तं?

चतुराबाई : तं पोरगी देऊ नोको तठी. भोई नसतीन ते.

सोजरबाई : पोरगा समजीन बाई. जाळं इनते तो.

चतुराबाई : आता रुख्मीले बलाव.

रामधन : कायले?

चतुराबाई : कायले मनजे? बसव तिले वाटंत. बापानं मले बसवलं, तू तुया लेकीले बसव. मायी वाट मी तिले देतो. एकच वाट, दोघीची.

रामधन : बाई, तू बसली तवा चिमनीएवढी व्हती. रुख्मीले पंधरावं लागलं. ते काय मावते तुया वाटंत?

चतुराबाई : नाई मावत, तं दगड काढ.

रामधन : दोन काढा लागतीन! वाट दुप्पट होईन! अवं, मी बुजवाले निघालो व्हतो!

चतुराबाई : मी काय करू त्याले? चौदाच्या अंदर पोरीचं लगन करू नये, हा कायदा सरकारचा हाये, माया नाई. पोरी मोठ्या झाल्या, वाटाबी मोठ्या सोडा.

सोजरबाई : आन कायी सालानं पोरी वीस वर्साच्या होऊन लगन कराले लागल्या, तं?

रामधन : तं बांधच राह्यत नाई मनावं! दोन बाजूले दोन दगड, आन मधात पोरगी.

चतुराबाई : हास आता. कसा हासला. असाच हासे तू बापाच्या खांद्यावर... सर. हा दगड मीच काढतो. ठेवाले बंडीनं आनलं मले, आन काढून चालली. पाह्य, पानी कसं वाजते आता. आवाज बदलला.

रामधन : हाव. बापाच्या टायमाले असाच आवाज ये. मी घरात झोपून आयको.

चतुराबाई : रुख्मी येईस्तोवर ते गाठ शीक. सनकाडी हाये काय अठी?

सोजरबाई : मायाजोळ हाये बाई, पदरात. उद्यासाठी आनली व्हती.

रामधन : आन इकडं. यंदा मी बांधतो. बाई, दाखव बाप कशी मारे ते.

चतुराबाई : दोरा खालून घे. आता पानाच्या देठावरून. पयली अशी. वढ. आता दुसरी उलटी, नाईतं सुटते. सोजर, तूबी पाह्य. तुयी यानंच सुटे.

रामधन : जमलं. हे तुयं, बाई. आन हे दुसरं कुंभारडोहासाठी, पुढल्या साली कसं सोडाचं ते आजच शिकून घेतो. आन हे तिसरं...

चतुराबाई : तिसरं कोनाचं?

रामधन : हिचं. घे सोजर.

सोजरबाई : मायं माहेर वर हाये जी. सनकाडी वर नाई जात.

रामधन : मले मालूम हाये. आता पानी कोनीकडं वाह्यते ते मले मालूम हाये. तरी घे. मिरगात मासळी चढीन, तिच्यासंगं तुयं सोनं गेलं समज.

सोजरबाई : अठून पुढं चढीन काय ते? तठपर्यंत?

चतुराबाई : चढीन. बीज राह्यलं तं चढते. छप्पनच्या सालानंतर चढली.

रामधन : पन सोजर... तठी आता तुयं कोन राह्यलं?

सोजरबाई : नदी हाये जी.